ताटाच्या मधोमध नाव

शनिवारी सकाळी अण्णांनी वरच्या गॅलरीतून हाक मारली, “मृदुला, गाडी काढ. दान शिकायला जायचंय.”

मोशीत आमच्या सोसायटीपासून दोन चौक पुढे ज्येष्ठ नागरिकांचं सभागृह आहे. तिथे व्याख्यान होतं. विषय होता ‘नियोजित दान : पुण्यही, करबचतही’. अण्णांना दोन्हीत रस नव्हता. पण पत्रकाच्या तळाशी ‘नाश्त्याची सोय केलेली आहे’ असं छापलं होतं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक कापडी पिशवी मिळणार होती. माझे वडील उद्धवराव टेकाळे, भोसरीत तीस वर्षं स्वतःचं वर्कशॉप चालवलेला माणूस, त्या पिशवीसाठी इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवर माझ्या मागे बसले आणि उतार आला की पेट्रोल वाचवायच्या सूचना देऊ लागले.

ते चिकट होते. हे मी लाडानं म्हणत नाही. गणपतीची वर्गणी मागायला येणाऱ्या मुलांकडे ते गेल्या वर्षीचा हिशेब मागत, त्यामुळे मुलांनी आमचा मजला वगळायला सुरुवात केली. सोसायटीतल्या कुणाचाही मिक्सर दुरुस्त करून देत, पण वॉशरचे पैसे घेत, माझ्याकडूनही. फुकट कुणाला काही दिलं नाही आणि फुकट कुणाकडून काम करून घेतलं नाही. वर्कशॉपमध्ये पगार सात तारखेला म्हणजे सात तारखेला. मग ही फुकटची पिशवी कशी चालते, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “ती फुकट कामून? ते दोन तास जाहिरात ऐकवणार. हे आपल्या कानाचं भाडं.”

त्या सभागृहात दात्याचं नाव नसलेली वस्तू शोधावी लागते. खुर्च्यांच्या पाठीवर नावं, पाण्याच्या कूलरवर नावं, पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा नावं. पंखा फिरायला लागला की ती वाचता येत नाहीत, तेव्हा त्या दात्यांना पुण्य मिळत असेल तर ते वीज गेल्यावरच.

व्याख्याता सार्थक नावाचा तरुण होता. एका फाउंडेशनमध्ये तो दान-नियोजन सल्लागार होता. असा हुद्दा असतो हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं पडद्यावर हसऱ्या म्हाताऱ्यांची चित्रं दाखवत सगळं नीट समजावून सांगितलं. मी चिंचवडच्या ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवते, त्यामुळे तो चुकतोय का याकडे माझं लक्ष होतं. तो चुकला नाही. चेकनं दान दिलं की ऐंशी-जी कलमाखाली त्यातली निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सवलत नाही. धान्य, कपडे, वस्तू दिल्या तरी नाही. मुदत ठेव ठेवलीत तर जिवंत असेपर्यंत व्याज तुम्हाला, नंतर मुद्दल संस्थेला. आणि शेवटचा पर्याय, मृत्युपत्र.

अण्णांनी हात वर केला. “मृत्युपत्रातून दिलं तर सवलत कोणाला?”

“सर, मृत्युपत्रातल्या दानाला सवलत नसते. पण समाधान असतं.”

“ते कोणाला?”

लोक हसले. सार्थकही हसला, तेही त्याला शिकवलेलं असावं. “सर, तुमच्या नावाची पाटी लागते. ग्रॅनाइटची. दहा वर्षांची गॅरंटी देतो आम्ही.”

“पाटीची ना?” अण्णांनी खात्री करून घेतली आणि खाली बसले.

मग दात्यांच्या पायऱ्या आल्या. सुवर्णदाता, रौप्यदाता, कांस्यदाता. अण्णा माझ्या कानाशी आले. “लोखंडदाता नाही वाटतं. भंगाराच्या भावात बसलं असतं आपलं.”

नाश्त्याला उपमा होता. चहा स्टीलच्या पेल्यांतून आला आणि पेल्यांवर कुणा कै. छबूबाईंचं नाव कोरलेलं होतं. अण्णांनी पेला हातात घेतला, नाव पलीकडच्या बाजूला जाईल असा फिरवला आणि मग तोंडाला लावला. मी लहानपणापासून हे बघत आले आहे.

ते लातूरकडच्या एका खेड्यातले. शाळेसाठी तालुक्याच्या बोर्डिंगात राहिले. तिथली ताटं कुणा शेठजींनी आईच्या स्मरणार्थ दिलेली होती आणि प्रत्येक ताटाच्या मधोमध ‘कै. गिरजाबाई यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलेलं होतं. अण्णा त्याबद्दल एकदाच बोलले. म्हणाले, “वरण पातळ असायचं अन् थोडं असायचं. त्यामुळं बाई लवकर दिसायची.” सहा वर्षं रोज दोन्ही वेळा ती बाई दिसली. वर्षातून एकदा शेठजी यायचे, तेव्हा मुलांना रिकामी ताटं छातीशी धरून रांगेत उभं करायचे. नाव पुढे.

लग्नात आईच्या माहेरहून भांडी आली तेव्हा रीतीप्रमाणे सगळ्यांवर नावं होती. अण्णांनी ती पोत्यात घालून वर्कशॉपला नेली आणि बफिंग मशीनवर प्रत्येक नाव घासून काढलं. त्यानंतर आमच्या घरात एकाही भांड्यावर नाव आलं नाही. शेजारी गेलेल्या वाट्या ओळख पटेना म्हणून तिकडेच राहिल्या. आईची ही तक्रार पन्नास वर्षं चालू होती.

परतताना अण्णांनी नवी पिशवी उलटी केली. फाउंडेशनचं नाव आत गेलं, शिवण बाहेर आली. त्यांनी ती बोटांनी तपासली. “दुहेरी टाका आहे. बरीये.” घराच्या दारात उतरून म्हणाले, “पुढच्या शनिवारी मधुमेहावर आहे. तिथं इडली असते म्हणे.”

रविवारी सकाळी दाढी करताना ते गेले. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल. एका गालावर साबण तसाच होता. आईनं तो पदरानं पुसला.

तिसऱ्या दिवशी सार्थक आला. अण्णांनी पिशवीच्या बदल्यात त्याला मोबाइल नंबर दिला होता. त्यावर केलेला फोन माझ्या भावानं उचलला होता. अनिश माझ्याहून चार वर्षांनी लहान. भोसरीच्या वर्कशॉपच्या जिवावर त्यानं चाकणजवळ कुरुळीत मोठी शेड उभी केली, आता तो तिथेच बसतो. त्याचं मुंडण झालेलं होतं, डोळे सुजलेले होते. तो खरंच रडत होता. हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की त्याला दुःख झालं नव्हतं. दुःख झालं होतं. ते कुठे लावावं हे त्याला कळत नव्हतं आणि मार्च महिना चालू होता.

“सर फार जागरूक श्रोते होते,” सार्थक आईला म्हणाला. “मृत्युपत्राबद्दल त्यांनीच प्रश्न विचारला. म्हणजे मनात काहीतरी होतं.”

“त्यांच्या मनात उपमा होता,” आई म्हणाली आणि आत गेली.

अनिशनं मात्र ते मनावर घेतलं. “ताई, अण्णांच्या नावानं काहीतरी मोठं करायचं. कुरुळीत कामगारांच्या मुलांसाठी बोर्डिंग आहे. मी ठरवलंय. पाचशे ताटं द्यायची. अण्णांचं नाव घालून.”

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला गिरजाबाई माहीत होती. आम्ही दोघांनी ते एकदमच ऐकलं होतं, एकाच रात्री, जेवताना.

“अनिश, त्यांना ताटावरची नावं सहन व्हायची नाहीत.”

“म्हणून तर! ज्या पोरानं दुसऱ्याच्या नावाच्या ताटात खाल्लं, त्याच्या नावाच्या ताटात आज पाचशे पोरं खाणार. वर्तुळ पूर्ण होतं ना.”

सार्थकनं वही बाहेर काढली होती. “सर, याची स्टोरी फार छान होईल. आमच्या अंकात मधलं पान देऊ.” मग त्यानं आवाज खाली आणला, “फक्त एक आहे. ताटं दिली तर वस्तुरूप होतं. ऐंशी-जी बसत नाही. तुम्ही आम्हाला चेक द्या, ताटं आम्ही घेऊ.”

“मग अर्धा टॅक्स परत?”

“अर्धा टॅक्स नाही,” मी म्हणाले. “दिलेल्यातली अर्धी रक्कम उत्पन्नातून वजा. टॅक्स त्याच्यावर जेवढा असेल तेवढा वाचेल.”

“ताई, तू शाळेतलं सांगू नको. मोठं असतं हे.”

“ज्युनिअर कॉलेजातलं,” मी म्हणाले.

पुढचे काही दिवस आमच्या घरात सुतकापेक्षा जास्त चर्चा पावतीची झाली. अनिशचा आग्रह होता की पावती अण्णांच्या नावानं फाडायची, म्हणजे अंकात दाता म्हणून त्यांचं नाव छापून येईल. सार्थकनं अण्णांचा पॅन मागितला. मी म्हटलं, ज्याचा पॅन त्याला सवलत. अण्णांना आता कुठे विवरणपत्र भरायचंय? मग ठरलं, पावती अनिशच्या नावानं, पुण्य अण्णांच्या नावानं. ही वाटणी सगळ्यांना पसंत पडली. त्या दोघांतलं कुठलं जास्त टिकाऊ, याची गॅरंटी सार्थकनं या वेळी दिली नाही.

त्याच आठवड्यात कुरुळीच्या शेडमधली दोन कामगार पोरं थकलेल्या ओव्हरटाइमचं विचारायला घरी आली. सुतक असताना आलो म्हणून बूट बाहेर काढून जिन्यातच उभी राहिली. अनिशनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, मार्च एंड होऊ द्या.

चेक द्यायच्या आदल्या दिवशी मी अनिशला सहज विचारलं, “तू टॅक्सच्या जुन्या पद्धतीत आहेस का नव्या?”

“म्हणजे?”

“नव्या पद्धतीत ऐंशी-जी मिळतच नाही.”

त्यानं त्याच्या सीए विजयश्री मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. बहुधा मला ऐकवायला. मॅडमनी आधी अण्णांबद्दल दोन वाक्यं सांगितली, मग म्हणाल्या, “अनिशजी, तुम्हाला नव्या पद्धतीतच फायदा आहे, मागेच टाकलंय तुम्हाला. दान करा ना, दानाला कुठे कोणाची बंदी आहे? वजावट मात्र शून्य.”

अनिशनं फोन खाली ठेवला. थोडा वेळ टकलावरून हात फिरवत बसला. मग त्यानं भांडीवाल्याला फोन केला. पाचशेची दोनशे ताटं झाली आणि पत्र्याचं गेज हलकं झालं. सार्थकच्या फाउंडेशनला आता मध्ये घ्यायचं कारण उरलं नव्हतं, पण दहाव्याचं निमंत्रण गेलेलं होतं, ते परत घेता येत नव्हतं. नावाच्या बाबतीत मात्र अनिश मागे हटला नाही. “कडेला नको,” तो फोनवर सांगत होता. “कडेला कोण वाचतं? मधोमध घाला. जरा मोठं घाला.”

ताटं कमी झाली, अक्षरं वाढली.

आत आई भिंतीला टेकून बसली होती. सगळं तिच्या कानावर जात होतं. मी तिच्याजवळ बसले तेव्हा म्हणाली, “पन्नास वर्षं माझी भांडी लोकांच्या घरी नांदली, पण या माणसानं नाव घालू दिलं नाही. आता स्वतःचंच घालून घेतोय.”

“तू सांग ना अनिशला.”

“मी सांगितलं तर म्हणेल, आईला समजत नाही. तू सांगितलंस तर म्हणेल, ताई शिकवते.” तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “आपल्या घरात कोण कोणाला तोंडावर काय सांगतं?”

आमच्याकडे इंद्रायणीच्या घाटावरचा दहावा म्हणजे विधी थोडा आणि सभा जास्त. मांडव असतो, खुर्च्या असतात, माईक असतो. गुरुजी एका बाजूला मंत्र म्हणतात आणि दुसऱ्या बाजूला पंचक्रोशीतली मान्यवर मंडळी श्रद्धांजली वाहतात. त्यानंतर कुटुंबातर्फे दिलेल्या देणग्यांची घोषणा होते. देणगीच्या प्रमाणात मयताचा स्वभाव सुधारत जातो. माणूस कसा होता हे मोशीत कळायचं असेल तर दहा दिवस थांबावं लागतं.

सूत्रसंचालनाला माजी सरपंच दौलतराव होते. गावातलं जुनं घराणं. शेतं गेली, इमारती आल्या, माईक मात्र त्यांच्याकडेच राहिला. अण्णांना ते एकदाच भेटले होते, पाण्याचा पंप दुरुस्त करायला. अण्णांनी त्यांच्याकडून वॉशरचे पैसे घेतले होते.

“उद्धवराव म्हंजी दानशूर कर्ण,” दौलतराव म्हणाले. “आमी लई मान्सं बघितली. पर ह्या हातानं दिल्यालं त्या हाताला कळू द्यायचं न्हाई, असा मानूस हाय कुठं आता?”

माझ्या शेजारी आई बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, रडतेय.

दोनशे ताटं मांडवाच्या कडेला रचून ठेवली होती. वरच्या ताटावर ऊन पडलं होतं आणि मधोमध ‘दानशूर कै. उद्धवराव टेकाळे यांच्या स्मरणार्थ’ लखलखत होतं. दानशूर हा शब्द भांडीवाल्यानं स्वतःहून घातला की अनिशनं, हे मी विचारलं नाही. बोर्डिंगातली सात-आठ मुलं गणवेशात आणली होती. दौलतरावांनी एकेकाच्या हातात ताट दिलं. सार्थकनं फोन आडवा धरला आणि म्हणाला, “ताटं अशी छातीशी धरा. नाव पुढे येऊ दे.”

मुलांनी धरली.

तोपर्यंत घाटावर पिंड ठेवला होता. सगळे मागे सरकून उभे राहिले. कावळे समोरच्या पिंपळावर होते, चांगले डझनभर, पण एकही खाली येईना. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढे दिघीला जायचं होतं. अशा वेळी जी रीत आहे ती सुरू झाली. मयताचं काहीतरी मनात राहिलं असणार, ते ओळखून जवळच्यांनी पुढे होऊन मोठ्यानं वचन द्यायचं. आमच्या घाटावर वचनही माईकवरून देतात.

अनिश पुढे झाला. “अण्णा, दोनशे ताटं दिली. पुढच्या वर्षी अजून तीनशे देतो.”

कावळे पिंपळावरच.

“आईला मी सांभाळतो. काळजी करू नका.”

एका कावळ्यानं पंख झटकले आणि पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला.

“वर्कशॉपचं नाव बदलणार नाही, अण्णा.” अनिशचा आवाज फाटला. ही गोष्ट त्याला आत्ताच सुचली होती आणि ती खरी होती, हे मला कळलं.

दौलतरावांनी माईक घेतला. “उद्धवराव, तुमच्या सोसायटीच्या चौकाला तुमचं नाव द्याचा ठराव मी मांडतो. आता व्हा मोकळे.” लोकांत कुजबुज झाली; तो चौक त्यांनी आधीच दोघांना दिलेला होता. मग सार्थक चाचरत म्हणाला, “सर, आमच्या दात्यांच्या वॉलवर आपलं नाव… विनामूल्य.”

पिंड तसाच होता. कुणीतरी मागून म्हणालं, “अजून काय पाहिजे म्हाताऱ्याला?” कुणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करा आणि उरका. गुरुजी दर्भ शोधू लागले.

मी कावळ्यांवर विश्वास ठेवत नाही. त्या माईकचा गोंगाट बंद केला असता तर एखादा कधीच उतरला असता. पण मी ताटं धरून उभ्या असलेल्या मुलांकडे पाहत होते. त्यांच्यातल्या एकानं हात दुखला म्हणून ताट फिरवून धरलं होतं, नाव स्वतःच्या पोटाकडे. सार्थकनं जवळ जाऊन ते हळूच पुन्हा फिरवलं.

माझ्या काखेत ती उलटी केलेली पिशवी होती. त्यात अण्णांचा चष्मा होता, पिंडापाशी ठेवायला म्हणून आईनं दिलेला. मी पुढे झाले. आईनं माझ्या पाठीला हात लावला. थांबवायला की ढकलायला, मला कळलं नाही. मी पायऱ्या उतरून पिंडापाशी गेले आणि चष्मा ठेवला. दौलतरावांनी सवयीनं माईक माझ्यापुढे धरला.

“बोला ताई, काय द्यायचं राहिलं आसंल तर.”

मला माईक नको होता. पण तो चालू होता, आणि मग मला वाटलं, असू दे.

“अण्णा,” मी म्हणाले, आणि माझाच आवाज नदीच्या पलीकडून परत आला. “मी काही देणार नाहीये. या ताटांवरची नावं मी घासून काढणार आहे. भोसरीतलं तुमचं बफिंग मशीन अजून चालतं. ताटं मुलांना मिळतील, कोरी.”

अनिश माझ्याकडे वळला. “ताई, काय चाललंय तुझं?”

“तू ये मदतीला,” मी त्याला म्हणाले. “ओव्हरटाइम मिळणार नाही.”

मागे कुणीतरी हसलं. अनिश ताटांच्या थप्पीकडे बघत राहिला आणि बघता बघता त्याचा चेहरा त्या रात्रीसारखा झाला. जेवताना, पाटावर, गिरजाबाईचं ऐकताना होता तसा.

मी पुन्हा पिंडाकडे वळले. आता जे बोलायचं होतं त्यात कुठलं वचन नव्हतं.

“लोक तुम्हाला दानशूर म्हणतायत. तुम्ही नव्हतात. तुम्ही चिकट होतात. माझ्याकडून वॉशरचे पैसे घ्यायचात. कुणाला फुकट काही दिलं नाहीत आणि कुणाला रांगेत उभं केलं नाहीत.” मी माईक हातानं जरा जवळ ओढला. “मला तुम्ही आवडायचात, अण्णा. फार आवडायचात. आपल्या घरात असं कुणी म्हणत नाही, म्हणून म्हटलं नव्हतं.”